लाल पेन्सिलीची दुरुस्ती

माझ्या बी.ए.च्या पदवीवर लाल पेन्सिलीची एक ठसठशीत रेघ आहे. ती आमच्या शेजारच्या दाभाडेमामांनी मारली. "बघू बरं, पदवी कशी असती," म्हणून हातात घेतली, आणि मी चहा सांगायला आत वळतोय तोवर विद्यापीठाचं छापील नाव खोडून वर नवं नाव लिहून मोकळे! मी ओरडलो, तर शांतपणे म्हणाले, "चूक दिसली, दुरुस्त केली. फिटर माणूस हाय मी, साहेब."

नामांतराच्या लढ्याचे दिवस होते. मामा मूळचे पिशोरचे, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर. मोर्चात खांद्यावर लाठी खाऊन आलेले. विद्यापीठाचं जुनं नाव त्यांनी पुन्हा तोंडातून काढलं नाही. पेपर, कॅलेंडर, कुणाची लग्नपत्रिका, जिथं ते नाव दिसेल तिथं लाल पेन्सिल चालायची. शेवटी गल्लीतले लोक त्यांना पत्रिका हातात देईनात, दारातूनच वाचून दाखवायचे.

मामी वारल्या होत्या. घरात मामा आणि मुलगी सुजाता, दोघंच. बारावीनंतर सुजाताला पाली शिकायची होती. त्यात कारखान्यात जपानी इंजिनिअर आले आणि त्यातल्या एकानं मामांच्या हत्यारांच्या पेटीवर चिकटवलेल्या बुद्धाला हात जोडले. झालं! त्या दिवसापासून "जपानीबी शीक" सुरू. मामांनी गावोगावच्या विद्यापीठांची माहितीपत्रकं मागवली आणि मशीन खोलावं तशी खोलली.

"पुण्याच्या पुस्तकाची पिन गंजलीय. हे पोरीकडं काय ध्यान देणार?"

मुंबईचं फार गुळगुळीत, "हातात ठरत नाय." नागपूरचं सगळं पसंत, पण तिथं ऊन लई. जसं काही औरंगाबादेत बर्फ पडतो!

सुजाता वैतागायची. "बाबा, पुण्यात पाली अन् जपानी दोन्ही हायत."

"आटे जुळत नायत," हा मामांचा ठरलेला निकाल. "नावासाठी मार खाल्ला अन् पोरगी परक्या गावाला? इथंच शिकायचं."

इथल्या ज्या कॉलेजात पाली होती, तिथं प्रवेशाच्या खिडकीवर मीच कारकून. मामांनी भरलेला फॉर्म विश्वासानं माझ्या हातात दिला, तोही शेवटच्या दिवशी. ऑफिसात उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. विद्यापीठाचं छापील नाव खोडलेलं, वर लाल अक्षरात नवं!

ड्रॉवरमध्ये माझं खोडरबर होतं. कोरे फॉर्मही होते. पण मागून दोन सहकारी वाकून बघत होते. एक म्हणाला, "घ्या! यांनी तर आजच बदलून टाकलं." सगळे हसले. सांगायला लाज वाटते, सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. मी कुणाच्या बाजूचा, अशी शंका नको कुणाला! मग 'खाडाखोड, अमान्य' असा शेरा मारला. संध्याकाळी "वरून हुकूम आहे" म्हणत फॉर्म सुजाताच्या हातात दिला आणि तिच्याकडं न बघता घरात शिरलो.

दुसऱ्या दिवशी मामा कामावर खाडा करून खिडकीशी हजर. घडी घातलेला तोच फॉर्म आत सरकवला.

"साहेब, उघडून तर बघा."

"तारीख संपली, मामा."

"एकडाव बघा फक्त."

"नियम आहे." मागं तेच दोघे बसले होते.

"व्हय," म्हणाले आणि निघून गेले.

सुजाता पुण्याला गेली. तिथंच शिकली, तिथंच नोकरी, तिथंच संसार. मामा एकटे राहिले. रस्त्यात दिसले की ते हसायचे आणि मी घड्याळात बघायचो.

पुढं बऱ्याच वर्षांनी, ऐन संक्रांतीला, नाव बदललं. मी तिळगूळ घेऊन मामांकडं गेलो. पण गोड बोला म्हणायला जीभ रेटेना. एकदम तोंडातून निघून गेलं, "मामा, वरून हुकूम नव्हता. तो शेरा माझा होता."

"ठाऊक हाय. माझा रेशनकार्डाचा अर्ज तुम्हीच लिहिलता. अक्षर वळखत नाय व्हय मी?"

त्यांनी पत्र्याच्या पेटीतून तो फॉर्म काढून माझ्यापुढं धरला. त्या दिवशी न उघडलेली घडी मी आता उघडली. लाल अक्षरं नव्हती. रेघही नव्हती. कागद घासून घासून पातळ झालेला, गुलाबी डाग तेवढा उरलेला, आणि त्याखाली जुनं छापील नाव स्वच्छ वाचता येत होतं.

"तुम्ही पुसलंत?"

"पावाच्या तुकड्यानं. घरात खोडरबर नव्हतं." मामा हसले. "नाव काय, आज ना उद्या झालंच असतं, साहेब. पोरगी घरी ऱ्हायली असती. कामावरून आल्यावर दार उघडायला कुणीतरी असतं."

मी फॉर्मची घडी पुन्हा होती तशी घातली. माझ्या ड्रॉवरमध्ये तेव्हा खोडरबर होतं, हे मात्र मी त्यांना अजून सांगू शकलेलो नाही.