साळिंदराचा शेवटचा काटा

एका जंगलात, बाळांनो, वाघ नव्हता. गोष्टीत वाघ नाही म्हणजे तुम्हाला चुकल्यासारखं होणार. पण करता काय? ते जंगल होतं जपानात. तिथं बांबू होता, डोंगराखाली गरम पाण्याचं कुंड होतं आणि तोमेकिची नावाचं एक साळिंदर होतं.

हा तोमेकिची खुनाच्या कादंबऱ्या लिहायचा. पहिल्या पानावर खून, शेवटच्या पानावर खुनी, आणि मधे सगळ्यांवर संशय. लिहायचा कशानं? अंगावरचा काटा उपटायचा, शाईत बुडवायचा, की झालं सुरू! एका प्रकरणात एक काटा पार झिजायचा.

दारात एक बगळा एका पायावर उभा असायचा. तो संपादक. पान लिहून झालं की ते चोचीत धरून कुंडावर न्यायचा आणि वाचून दाखवायचा. कुंडात माकडं बसलेली. प्रकरण संपेपर्यंत कुणी पाण्याबाहेर येत नसे. तिथल्या माकडांची तोंडं लाल का, ते आता कळलं ना?

तोमेकिचीची बायको सुगी मात्र वैतागली होती.

"अहो, पाठ बघितलीत का स्वतःची? सोललेल्या बटाट्यासारखे दिसताय. लांडगा आला तर त्याला काय प्रस्तावना वाचून दाखवणार?"

"एवढी एक होऊ दे गं."

"एवढी एक, एवढी एक करत सगळी पाठ गेली!"

बगळा दारातून खाकरला. "वहिनी, कासवाच्या खुनाचं शेवटचं प्रकरण राहिलंय. माकडं खोळंबलीत."

तोमेकिचीच्या अंगावर एकच काटा उरला होता, शेपटाजवळ. तोही त्यानं उपटला. आणि नेमका तेव्हाच लांडगा आला.

बगळा उडाला. संपादकच तो! सुगीनं काटे फुलवले, पण तोवर तोमेकिची पंजाखाली गेला होता.

"खातो तुला," लांडगा गुरगुरला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "पण आधी सांग, कासवाला मारलं कुणी?"

"तुम्हीसुद्धा?"

"माकडं खायला कुंडावर गेलो होतो रे. झुडपात ऐकतच बसलो. तेव्हापासून उपाशी आहे. बदकानं मारलं ना?"

"मला नाही माहीत."

"थापा मारतोस!"

"आईशप्पथ. लिहिता लिहिताच कळतं मला."

लांडग्यानं पंजा उचलला. "मग लिही!"

तोमेकिची लिहू लागला. कादंबरीतले सगळे संशयित एका खोलीत जमले. वैद्य बेडकानं दार लावलं. म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे. त्याचं नाव..."

कट्! काटा मोडला.

लांडगा ढसाढसा रडला. सुगीकडं वळून म्हणाला, "वहिनी, तुमचा एक द्या ना."

"अर्धासुद्धा देणार नाही! त्यांचे त्यांना उगवू देत. पोटभर कंद आणि निवांत झोप मिळाली की येतात."

झालं. लांडगा कंद उकरू लागला. अस्वल हुंगत आलं, तर त्याला डोंगरापार हाकललं. बगळा परत आला, तर त्याच्यावर दात विचकले. "शूऽऽ! झोपलेत ते!"

"भाऊजी," सुगी आतून हाक मारायची, "रताळी संपली हो."

हळूहळू काटे आले. चांगले लांब, टोकदार. लांडग्यानं कौतुकानं पाठ थोपटली आणि 'आयाईगं' करून उडालाच.

"आता लिही," पंजा चोखत तो म्हणाला. "मग बघतो तुझ्याकडं."

तोमेकिचीनं काटा शाईत बुडवला. सुगी खाकरली. त्यानं लांडग्याच्या दातांकडं बघितलं. आणि बाळांनो, जन्मात पहिल्यांदा त्यानं लिहिण्याआधी विचार केला.

मग लिहिलं: 'नाव सांगणार, तोच दिवा विझला. आणि अंधारात दुसरा खून पडला.'

"कुणाचा?" लांडगा किंचाळला. "बेडकाचा?"

"पुढच्या प्रकरणात कळेल," तोमेकिची म्हणाला. "तोवर जरा कंद आणता का, भाऊजी?"

तात्पर्य: हाती घेतलेलं काम पुरं करावं, असं थोर माणसं सांगतात. त्यांच्या दारात लांडगा बसलेला नसतो. तुम्ही आपलं काम अर्धवटच ठेवा. फक्त कुठं ठेवायचं, ते नीट बघून ठेवा.