बाहीला धरणारं झुडूप

शिंप्याचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं आणि दुकानाच्या दारासमोर, फुटपाथच्या कडेला, एक झुडूप होतं. ते कुणी लावलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात ते चारचौघांसारखं हिरवं दिसे, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघत नसे. मग थंडी आली, बर्फ पडला, गल्लीतली बाकीची झाडं खराट्यासारखी झाली. या झुडपाचीही पानं गळली, पण फांद्या मात्र हिरव्यागार राहिल्या आणि पानांआड इतके दिवस सभ्यपणे दडलेले काटे उघडे पडले. काटे बोटभर लांब होते. त्यातल्या एकाने शिंप्याच्या कोटाची बाही कोपरापासून मनगटापर्यंत फाडली.

कोट त्याने स्वतःसाठी शिवलेला होता. शिंपी स्वतःसाठी कोट शिवतो ही दुर्मिळ घटना असते, कारण गिऱ्हाइकांचं संपल्याशिवाय स्वतःचं कापड हातात घ्यायचं नाही असा त्याचा नेम. या शिंप्याला सवड मिळाली होती ती समोर तयार कपड्यांचं मोठं दुकान उघडल्यामुळे.

"ते झुडूप आधी काढून टाका," बायको म्हणाली. "काल माझी शाल धरली त्याने. सोडेचना. शेवटी त्याला 'अहो, सोडा' म्हणायचीच बाकी राहिले होते मी."

शिंपी उद्यान खात्यात गेला. तिथल्या निरीक्षकाने त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "झुडपाचं नाव काय?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

"नाव नसलेलं झाड तोडता येत नाही. दुर्मिळ निघालं तर?"

"आणि दुर्मिळ नसलं तर?"

"ते नाव कळल्यावर कळेल."

निरीक्षक पाहणीला आला. त्याने फांदीची साल नखाने खरवडून वास घेतला. बर्फातून एक वाळकं पान उचललं. एकाच देठाला तीन पानं होती. मग बुंध्याशी पडलेलं, लिंबाएवढं, लव असलेलं एक पिवळं फळ उचलून त्याने चाखलं आणि त्याचं तोंड कानापर्यंत वाकडं झालं.

"लिंबूवर्गीय," तोंड ताळ्यावर आल्यावर त्याने जाहीर केलं. "पण इथे एक अडचण आहे. आमच्या नियमपुस्तिकेप्रमाणे लिंबूवर्गीय झाडं या थंडीत जगत नाहीत. त्याअर्थी हे झुडूप मेलेलं आहे."

"अहो, हिरवं आहे ते."

"दिसायला. कागदोपत्री मृत आहे. मृत झाडं उचलणं हा माझा विभाग नव्हे. मी त्या विभागाला कळवतो."

मृत झाडांच्या विभागाची माणसं करवती घेऊन आली, पण तोवर वसंत लागला होता आणि झुडूप पांढऱ्या फुलांनी भरून गेलं होतं. मुकादमाने फुलाचा वास घेतला आणि मान हलवली. मेलेल्याला फुलं येत नाहीत, आणि जिवंत झाडाला करवत लावली तर त्याची नोकरी जाईल, असं सांगून तो माणसांसह परत गेला. दोन विभागांत एकमत होईपर्यंत झुडपाला संरक्षण देण्याचं ठरलं. खांब रोवून रस्त्याच्या बाजूने दोरी बांधण्यात आली आणि फलक लागला: 'ओळख प्रलंबित. धक्का लावू नये.'

पूर्वी लोक झुडपाला वळसा घालून रस्त्यावरून जात. आता दोरीने वळसा बंद झाला आणि गल्लीची सगळी ये-जा झुडूप आणि शिंप्याची भिंत यांमधल्या चिंचोळ्या पट्टीतून होऊ लागली. धक्का कुणी झुडपाला लावला नाही. झुडूप मात्र सगळ्यांना लावत होतं.

पहिल्यांदा शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा पदर अडकला. मग एका वकिलाचा खिसा गेला, एका नवऱ्या मुलाचा नवा कोरा सदरा गेला. आणि ही माणसं फाटक्या कपड्यांनी मागे वळत, तेव्हा समोर शिंप्याचं दार उघडंच असे.

सुरुवातीला शिंपी ओशाळायचा. "माफ करा, मी तक्रार केली आहे," असं म्हणत तो रफू करून द्यायचा. रफू मात्र असं करायचा की फाटलं कुठे होतं ते शोधायला गिऱ्हाइकाने भिंग मागावं. हळूहळू माफी मागायचं राहून गेलं. मग तक्रारीचा उल्लेखही राहून गेला. उन्हाळ्यात समोरच्या दुकानातले स्वस्त कपडे हलक्या ओरखड्यानेही फाटतात असं लक्षात आलं, आणि लोक नवे कपडेही त्याच्याकडे शिवायला टाकू लागले.

एका सकाळी बायकोने त्याला झुडपाला पाणी घालताना पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"सुकत होतं गं. मुकं असतं बिचारं."

बायकोने दुकानातल्या जुन्या मशीनकडे पाहिलं. तिला नवं शिलाई मशीन हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून पाणी ती घालू लागली.

या सगळ्यात एकच माणूस असा होता की ज्याला दुसऱ्या गल्लीतून जाण्याची सोय नव्हती. तो पोस्टमन. त्याला रोज त्या पट्टीतून जावं लागे, आणि खांद्यावर थैली असल्याने अंग चोरायलाही जमत नसे. त्याची बाही शिंप्याने इतक्यांदा रफू केली होती की तिच्यात मूळ कापड शोधावं लागलं असतं. हातावरच्या ओरखड्यांना मात्र रफू नव्हतं. पावसाळ्यात एक ओरखडा चिघळला. हात सुजून गळ्यात बांधायची वेळ आली.

"मास्तर," तो दुकानाच्या पायरीवर टेकत म्हणाला, "तुमच्या त्या तक्रारीचं काय झालं?"

"सरकारी काम. तुला काय सांगायचं," शिंपी म्हणाला, आणि त्याने दोऱ्याला गाठ मारली.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंनी घोळ घातला. त्यांनी एक फांदी एका महाविद्यालयातल्या ओळखीच्या प्राध्यापकांकडे पाठवली आणि प्राध्यापकांनी उलट टपाली नाव कळवलं. त्रिपर्णी संत्रं. थंडीला दाद न देणारं, काटेरी. बागवाले याच्या खुंटावर गोड संत्र्याची कलमं बांधतात. मुळीच दुर्मिळ नव्हे.

नाव मिळाल्याबरोबर खातं विजेच्या वेगाने हललं. निरीक्षक तोडण्याची मंजुरी घेऊनच दारात उभा राहिला. "मास्तर, तुमचं काम झालं. रहिवाशांची हरकत नाही एवढं सभेत विचारून घेतो. उपचार असतो तो."

शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो दुपारभर गल्लीत घरोघर फिरला आणि त्याला सुखद धक्का बसला. झुडूप कुणालाच तोडायला नको होतं. डॉक्टरांकडे मलमपट्टीची रांग लागत होती. समोरचा दुकानदार म्हणाला की गरीब माणूस रफू करत नाही, नवा सदरा घेतो. कडेच्या बंगलेवाल्याला त्या बाजूने चोर येण्याची धास्ती उरली नव्हती. मुख्याध्यापिकाबाईंनी फळांचा मुरंबा घातला होता. तो कडूजहर होता, पण कुणालाही वाढला की खाणारा फार बोलत न बसता घरी जायचा. त्यांना अशी वस्तू कित्येक वर्षं हवी होती.

सभेत यातलं कुणी काही बोललं नाही. सगळे निसर्गावर बोलले. डॉक्टर प्राणवायूवर बोलले. दुकानदाराने पाखरांचा विषय काढला आणि त्याचा आवाज दाटून आला. शिंपी उठला आणि म्हणाला की काटा हा झाडाचा स्वभाव आहे, आणि स्वभावाबद्दल शिक्षा देणारा समाज सुधारलेला नव्हे. हे वाक्य आपल्याला सुचलं याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. बायकोने कौतुकाने पाहिलं.

"मला दोरी तेवढी सरकवून हवी आहे," मागून पोस्टमन म्हणाला. "फार नाही. माणूस जाईल एवढी."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. "तुम्हाला निसर्गाबद्दल काहीच वाटत नाही का?" मुख्याध्यापिकाबाईंनी दुःखाने विचारलं.

निरीक्षकाने पुस्तिका उघडली. "झुडूप आहे तसं, दोरीसकट, कायम ठेवावं असा ठराव आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी उजवा हात वर करावा."

पोस्टमनचा उजवा हात गळ्यात होता. त्याने डावा वर केला.

निरीक्षकाने तो पाहिला, पुस्तिका पाहिली, पुन्हा हात पाहिला. "उजवा म्हटलं आहे," तो खेदाने म्हणाला. "हरकत शून्य. ठराव एकमताने मंजूर."

शिंपी पहिल्या रांगेत होता. तो हात गळ्यात का आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याने पोस्टमनकडे एकदा पाहिलं, घसा खाकरला, आणि टाळ्या सुरू झाल्या तेव्हा त्यात आपल्या टाळ्या मिसळल्या. दुसऱ्या दिवशी त्याने पोस्टमनच्या गणवेशाची उजवी बाही पट्टीला जागा राहील अशी सैल करून दिली. शिलाई घेतली नाही.

त्या सभेला दालन भरून माणसं होती. सगळी चांगली होती. कर वेळेवर भरणारी, कुत्र्यामांजरांवर माया करणारी. निरीक्षकाच्या त्या पुस्तिकेला ती घरी जाताना पोट धरून हसली, जसे तुम्ही आत्ता हसलात. डावा हातही सगळ्यांना दिसला होता. तुम्हालाही दिसला होता.