मॅनेज झालेलं सोलापूर

आमच्या शेजारच्या अण्णांना इंग्रजीतलं एकच क्रियापद येतं, मॅनेज. तेही ते एकाच अर्थानं वापरतात. जगात जे काही घडतं ते कुणीतरी कुणाला तरी आतून मॅनेज केल्यामुळे घडतं, अशी त्यांची पक्की खात्री आहे.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. म्हणून एकदा समजावायला गेलो. "अण्णा, मॅनेज म्हणजे सांभाळणं. घर, दुकान, वेळ. कसंबसं निभावून नेणं, त्यालाही मॅनेजच म्हणतात." अण्णांनी माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मग म्हणाले, "हे लिवलंय कुणी सर? त्यो बी मॅनेज झाला असंल." कप्पाळ माझं. मी नाद सोडला.

बसची तिकिटं तपासण्यात माणसाची हयात गेलेली. समोरचा विनातिकीटच आहे असं धरून बोलायची सवय. गल्लीत पाणी उशिरा आलं की पाणी सोडणारा मॅनेज, पलीकडच्या गल्लीनं चहा पाजलाय त्याला. कडक भाकरी मऊ निघाली की भाकरीवाली मॅनेज. आता तिला कोण मॅनेज करणार, आणि कशाला? पण विचारायची सोय नाही. शाळेच्या मॅचला मी पंच होतो, तर मलाही सोडलं नाही. "सर, तुमी मॅनेज हाय असं म्हणत न्हाय मी. पण त्यो पोरगा आऊट नव्हता की." पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

मग मलाच अण्णांचा संशय यायला लागला. रोज दुपारी दार आतून बंद, कुजबुज, मध्येच हसणं. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. त्या तर हसणंच विसरल्या होत्या. मग हसतंय कोण? शेवटी एका दुपारी अण्णांनीच हाक मारली. "या की सर, भिडू कमी पडतोय."

आत बदाम सात चालू होता. काकू पत्ते उशीला टेकवून डाव्या हातानं एकेक टाकत होत्या. "जिंकली की चार घास जेवती," अण्णा दारातच माझ्या कानाशी म्हणाले. "न्हायतर ताट तसंच. डॉक्टर म्हणतोय, असं चाललं तर अवघड हाय."

डाव रंगला. खाली किलवरची राणी पडलेली, आणि राजा अण्णांच्या हातात मला स्वच्छ दिसत होता. अण्णा म्हणाले, "पास." मी तोंड उघडणार तोच त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. माझी पाळी आली. पान असून मीही म्हणालो, "पास." गावभर संशय घेत फिरणारा माणूस इतकी राजरोस लबाडी करत होता, आणि मला त्याची फार माया वाटली.

काकू जिंकल्या. "पत्ते पिसले कुणी, बघाय पायजे," असं पुटपुटत अण्णा ताट वाढायला आत गेले.

काकूंनी मला जवळ बोलावलं. शब्द जड येत होते त्यांना. "किलवरचा राजा त्यांच्याकडंच हुता. रोजच असतंय काय ना काय."

मी आतल्या दाराकडे पाहिलं.

"बोलू नका त्यांना. मी जेवले तरच जेवत्यात ते. न्हायतर माझ्यासंगं उपाशी बसत्यात."