हिरवळीची अट

काकी हिवाळ्यात गेल्या. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा लेकीने फोनवर अट घातली.

"बाबा, घरापुढचं आईचं लॉन उन्हाळाभर जगवून दाखवा. जगलं तर तिथेच राहा, मी चकार शब्द काढणार नाही. मेलं, तर गुपचूप बॅग भरून माझ्याकडे यायचं."

"जगवतो," काका म्हणाले.

आयुष्यभर बस चालवलेला माणूस. गल्ली त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायची. भरलेली गाडी घेऊन घाट उतरणाऱ्याला चार खाटांएवढ्या गवताची काय भीती? आणि हरून चालणार नव्हतं. लेकीकडे जायचं म्हणजे हे घर बंद करायचं. बंद घरात काकी एकट्या पडतील, असं त्यांना वाटायचं. कोणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ही.

उन्हाने डोकं वर काढलं आणि गवताने माना टाकल्या. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. काकांनी आधी स्वतःची आंघोळ कमी केली, मग बंदच केली, आणि बादल्या गवताला घातल्या. गवत जास्तच पिवळं पडलं. शेजारचे कंपाउंडर लांब उभे राहून बोलायला लागले, ते मात्र गवतामुळे नव्हे.

"अहो ड्रायव्हर, पेशंट पिवळा पडलाय."

"दिसतंय मला."

"पाणी देताय?"

"स्वतःच्या अंगावरचं काढून देतोय."

"नुसत्या सलाइनवर कोणी उठतं का? ताकद द्या. युरिया द्या. आणि अवस्था बघता डबल डोस द्या."

आजाऱ्याला वाढताना हात आखडता घेऊ नये, असं काकी म्हणायच्या. काकांनी हात आखडता घेतला नाही. डबल डोसावर आपल्या पदरच्या चार मुठी टाकल्या. आठवड्यात गवत करपलं. जिथे मूठ जास्त पडली होती, तिथे तव्यावर विसरलेल्या पोळीसारखे काळे डाग उठले.

"वाचेल का हो?" काकांनी विचारलं.

कंपाउंडरांनी एक काडी उचलली. ती बोटांतच चुरली.

"मी काही डॉक्टर नाही," ते म्हणाले आणि घरात निघून गेले.

त्यातच लेकीचा फोन आला. "उद्या येतेय. लॉन कसं आहे?"

"आहे," काका म्हणाले. तेवढं खोटं नव्हतं.

कंपाउंडरांना आपल्या औषधाची टोचणी लागली असावी. दुपारी त्यांनी एका पेंटरला आणून उभं केलं. हा गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या रंगवायचा.

"हिरवा आहे माझ्याकडे," पेंटर म्हणाला. "पण गेटचा. ऑइलपेंट आहे. पाच वर्षं हलायचं नाव घेणार नाही."

"पाच वर्षं?" काकांना हायसं वाटलं. "मार."

त्याने फवाऱ्याने एक हात मारला, मग दुसरा मारला. हिरवळ अशी चकाकली की समोरच्या घरातून कोणीतरी पडदा ओढून घेतला. एक चिमणी उतरली, दोन उड्या मारून थांबली, एकेक पाय जोर लावून सोडवला आणि उडाली ती पुन्हा आली नाही.

"चेहऱ्यावर तेज आलं हो," कंपाउंडर म्हणाले.

"गेलेल्या माणसाला नटवतात ना, तसं," पेंटर बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. पेंटरने डबे आवरले. जाताना म्हणाला, "काका, लांबून दाखवायचं. हात लावू द्यायचा नाही."

लेक सकाळी आली ती फाटकातच थांबली.

"बाबा, हे काय?"

"लॉन."

"वास कसला येतोय?"

"खताचा. तू चल आत, चहा ठेवतो."

ती आत गेली नाही. खाली बसली, गवतावरून हात फिरवला आणि हिरवा तळवा बापापुढे धरला.

"उन्हाने पिवळं पडलं होतं गं," काका चाचरत म्हणाले. "म्हणून..."

"उन्हाळ्यात पिवळं पडणारच ते! आई दर उन्हाळ्यात पाणी तोडायची त्याचं. म्हणायची, झोपलंय, उठवू नका. ऊन ओसरलं की आपलं आपण उठायचं."

"दर उन्हाळ्यात?"

"दर उन्हाळ्यात."

उन्हाळा हा काकांच्या जादा गाड्यांचा हंगाम. अंधारात घर सोडायचं, अंधारात परतायचं. एवढी वर्षं त्या गवतावर बसून त्यांनी बूट काढले होते, पण भर उन्हाळ्यात त्याचा रंग कधी पाहिला नव्हता. त्या वेळी काकी दिवसभर काय करायच्या, तेही पाहिलं नव्हतं.

"मग अशी अट घातलीस कशाला?"

"कारण त्या अटीत हरायची सोयच नव्हती! तुम्हाला इथेच राहायचंय, हे कळत होतं मला. पण लगेच हो म्हणवेना. म्हटलं, काही न करता जिंकतील. आईने नुसतं बसून जगवलं ते, बाबा. तुम्ही मारलंत कसं?"

"खूप मेहनत घेतली," काका म्हणाले.

लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसतेय की रडतेय, ते काकांना कळेना. तोंडावरचे हात काढले तेव्हा गालांवर हिरवी बोटं उमटली होती, आणि तरीही कळेना.

"राहा इथेच," ती म्हणाली. "जाऊ द्या ती अट."

काकांनी मान हलवली. घाटात एकदा ब्रेक गेले की ड्रायव्हरला कळतं, आता गाडी कुठेतरी टेकवायला हवी. "नको. गवत या हातात टिकलं नाही, तिथे मी काय टिकणार? बॅग भरतो."

संध्याकाळी त्यांनी दाराला कुलूप लावलं. आत स्वयंपाकघरातला दिवा चालूच ठेवला होता. लेकीने तो पाहिला आणि बॅग उचलून गाडीत ठेवली.

गाडीत बसल्यावर काकांनी विचारलं, "तुझ्याकडे झाडंबिडं आहेत का?"

"बाल्कनीत एक कुंडी आहे. तिला हात लावायचा नाही."

"पाणीसुद्धा नाही?"

"प्लास्टिकचं झाड आहे ते, बाबा."

काकांनी मागे वळून बंद घराकडे पाहिलं.

"मग," ते म्हणाले, "थोडंसं घातलं तर काय बिघडणार आहे?"