आवाजाचा पत्ता

सत्यशीलाचे टॅरोचे पत्ते कपाटात नव्हते, आणि मोनाली मॅडमचा व्हिडिओ कॉल कुठल्याही क्षणी येणार होता.

"आई, इथे एक नवीन डबी होती."

"पत्त्यायची ना? भुजंगभाऊ घेऊन गेले," गिरिजाबाई गहू निवडता निवडता म्हणाल्या. "म्हणले, वयनी, सोमेश्वरचे पत्ते असले तं द्या, आमचे फाटले. मंग दिले."

सत्यशीलाने कपाळावर हात मारला. रविवारी तिच्या वडिलांचं, सोमेश्वरआप्पांचं वर्षश्राद्ध. पंगतीआधी चार शब्द तिनेच बोलायचे, असं ठरलं होतं. भाषण पुन्हा पुन्हा लिहून झालं, पण दर वेळी आप्पा त्यातून निसटायचे आणि तिने वाचलेली पुस्तकंच बोलायला लागायची. 'कृतार्थ जीवनाची सांजवेळ' ऐकून आईने विचारलं होतं, "हे कोनाबद्दल हाय?" म्हणून तिने संभाजीनगरच्या मोनाली मॅडमचा लेखनवर्ग लावला. मॅडम म्हणाल्या, "तुमचा आवाज कुठेतरी लपून बसलाय. टॅरोचे पत्ते मागवा. एक काढू, तो वाट दाखवेल."

तो वाटाड्या आता वडीगोद्रीच्या पारावर पिसला जात होता.

ती पोहोचली तेव्हा भुजंगकाका आणि धर्मराजमामा रमीत रंगले होते.

"तुह्या बापानं कुठून आणले गं हे?" भुजंगकाका म्हणाले. "बदाम न्हाई, इस्पिक न्हाई. मंग आम्हीच ठरवलं. पेले ते बदाम, तलवारी ते इस्पिक. अन् घोड्यावरचा सांगाडा जोकर."

"काका, तो मृत्यू आहे."

"असंल. पन कुठंबी लागतो. लई कामाचा."

तेवढ्यात फोन वाजला आणि मोनाली मॅडम पडद्यावर उगवल्या. "सत्यशीला, डोळे मिटा आणि शांतपणे एक पत्ता काढा."

"मॅडम, जरा अडचण आहे..."

"काढ की," धर्मराजमामा म्हणाले. "पन आधी एक डाव खेळ. तुह्या बापाची जागा साल झालं मोकळीच हाय. दोघायत काय मजा येती?"

त्या जागेवर सतरंजीची घडी अजून तशीच होती. सत्यशीलाने फोन झाडाच्या बुंध्याला टेकवला आणि ती बसली. पाने वाटली गेली. थोड्याच वेळात भुजंगकाकांनी मिशीवरून हात फिरवला.

"लागली माही!"

"काका, मांडीखालचा पत्ता काढा आधी."

"कोन्ता पत्ता?"

"मला नका शिकवू. मी कोनाची पोरगी हाय? माह्या लग्नात आप्पा जानवश्यात व्याह्यासंगं खेळून राह्यल्ते. फोटोवाला आला, म्हणला, चला स्टेजवर. आप्पा उठतेत व्हय? मांडीखाली सगळा बाजार. म्हणले, पाय मुरगळला. व्याह्यानं बिचाऱ्यानं चार गडी लावून गादीसकट उचलून आणलं. आजबी पाहा फोटो. आम्ही सगळे उभे, आप्पा गादीवर, अन् खालून चौकटची राणी डोकावून राह्यली. वरून दुसऱ्या दिवशी व्याही तेल घेऊन आले पाय चोळायला. आप्पांनी बराबर दोन्ही पाय चोळून घेतले."

धर्मराजमामा आडवे होऊन हसले. मग रुमालाने डोळे पुसले, आणि हसू थांबलं तरी पुसतच राहिले. बुंध्याशीही कोणीतरी खो खो हसत होतं.

"सत्यशीला," मॅडम दम घेत म्हणाल्या, "रविवारी हेच बोला. असंच."

"पण पत्ता काढायचा राहिला, मॅडम."

"पत्ता लागला की. बरं, काकांच्या मांडीखाली कोणता आहे, तेवढा तरी दाखवा."

भुजंगकाकांनी ओशाळून मांडी उचलली. खाली घोड्यावरचा सांगाडा होता. मॅडमचं हसू मावळलं. "सत्यशीला, या पत्त्याचा अर्थ—"

"ठाऊक हाय, मॅडम." सत्यशीलाने पत्ता काकांच्या मांडीखाली पुन्हा सरकवला. "काका, चांगलं दाबून बसा. अन् कोनीबी बोलवाय आलं तरी उठू नका."