‘हाय’ म्हणणारं कार्ड

बापू गायके आमच्या काष्टीच्या दूध केंद्राच्या चेअरमनला अरे-तुरे करतात आणि केंद्राबाहेरच्या कूलिंग युनिटमधल्या कार्डाला अहो-जाहो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हादरलोच. हा साठीचा एसी मेकॅनिक पॅनेल उघडण्याआधी चपला काढून बाजूला ठेवतो आणि आत वाकून विचारतो, "काय म्हनताय साहेब? परेशर लई वाढलं हुतं का?"

कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी. तिच्यावरची चिप कंप्रेसर कधी सुरू करायचा, पंखा किती फिरवायचा हे ठरवते आणि काही बिनसलं की छोट्या पडद्यावर दोन अक्षरं दाखवते.

"मानसं बनेल असत्यात, लेखकराव. कारड खोटं बोलत न्हाई," हे बापूंचं दिवसातून दहादा.

एकदा कुणा तरुण मेकॅनिकने एका बंगल्यातल्या एसीचं बिघडलेलं कार्ड काढून टाकलं आणि कंप्रेसर थेट विजेला जोडला. बापू तिथे दुखवट्याला जावं तसे गेले. मालकीणबाई चहा घेऊन आल्या, तर म्हणाले, "डोकं कापून धड चालिवत्यात त्या घरात मी च्या घेत न्हाई!"

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलो. व्यक्तिपूजा वाईट हे दहाव्या वर्षीच शिकलो. यंत्रपूजेबद्दल कुठल्याच पत्रकात काही नव्हतं. तरी बापू मला आवडायचे. खोटं न बोलणारा दुसरा माणूस मला तालुक्यात दिसत नव्हता.

मग एप्रिलमध्ये एका दुपारी टँकर आला आणि कळलं, टाकीतलं सगळं दूध नासलंय. उसाचं पाचट वाऱ्याने उडून युनिटच्या जाळीवर बसलं होतं. यंत्र सकाळपासून तापत होतं आणि पडद्यावर इंग्रजी एच आणि आय लाल रंगात चमकत होतं. म्हणजे तापमान फार वाढलंय, धावा. देखरेखीला असलेल्या पारूबाईंनी ते वाचलंही होतं.

मी तावातावाने विचारलं, "वाचलंत, मग फोन का नाही केला?"

"कशाला करू? हाय म्हनत हुतं. म्हनलं, समदं जागच्या जागी हाय. तुमीच शिकिवलं की दादा, एच आय हाय!"

आमच्या साक्षरता वर्गात ती अक्षरं मीच त्यांच्याकडून गिरवून घेतली होती. ‘जबाबदार कोण?’ असा मथळा मनात जुळवत आलो होतो, तो तिथेच खोडला.

बापूंना बोलावून घेऊन चेअरमन गरजले, "बापू, कार्डातली मेमरी काढा. यंत्रानं इशारा दिला असंल, तर ही बाई आजच घरी."

पारूबाईंचं घर या एका नोकरीवर चालतं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

बापूंनी चपला काढल्या, दोन बटणं एकदम दाबली. मी त्यांच्या खांद्यामागेच होतो. पडद्यावर स्वच्छ आलं: आधी एच आय, मग सात, मग दहा. म्हणजे इशारा सकाळी सात वाजून दहा मिनिटांचा.

त्यांनी मान वळवून पारूबाईंकडे पाहिलं. मग झाकण लावलं.

"काय नोंद न्हाई. कारड मेलंय. पडद्यावर कायबी दाखिवतंय."

"अहो, पण तुम्हीच म्हणता ना, कार्ड..." चेअरमन म्हणाले.

"म्हनायचो. चुकलो. मागल्या खेपेला तपासलं तवाच बदलाया पायजे हुतं. माझी चूक. लिहून घे."

चेअरमनने लिहून घेतलं आणि देखभालीचं काम तिथल्या तिथे श्रीगोंद्याच्या मेकॅनिकला दिलं.

मी बापूंच्या मागे फाटकापर्यंत धावलो. "बापू, तुम्ही खोटं बोललात!"

"व्हय."

"पण का?" मला तत्त्व हवं होतं. कष्टकऱ्यांची एकजूट, अन्यायाचा प्रतिकार, निदान काहीतरी छापण्याजोगं.

ते हत्यारांची पिशवी सायकलला अडकवत राहिले.

"मी एकला मानूस, लेखकराव. इतक्या ठिकानी जातो. समदी इचारत्यात, मशीन कवा चालू हुनार. जेवला का, म्हनून इचारनारी ही पारूबाय एकटीच हाय."

सायकल वळवून ते निघाले. उद्यापासून या केंद्रावर यायला त्यांना काही कारण उरलं नव्हतं. हे मला ते दिसेनासे झाल्यावर कळलं. त्यांना झाकण लावतानाच कळलेलं असणार.