नानाजींचा धप्पा

नागपूरच्या नंदनवन भागातल्या रुपरावांच्या टायपिंग क्लासमध्ये कॉम्प्युटर आला, तेव्हा गल्लीला उत्सुकता होती मशीन पाहायची आणि रुपरावांना उत्सुकता होती सासरे जेवतात की नाही याची.

सासरे, म्हणजे नानाजी, खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमधून निवृत्त झालेले. माणसाची पारख ते मशीनवरून करत. लग्नाच्या वरातीतच रुपरावांची मोटारसायकल बंद पडली आणि फेट्यासकट नवरदेवाला ती ढकलावी लागली, ते दृश्य नानाजींच्या मनातून कधी गेलंच नाही. पुढे रुपरावांनी हात लावला की रेडिओ मुका व्हायचा, घड्याळ थांबायचं. शेवटी नानाजींनी जाहीर केलं, "जवाईबापू, तुमच्या हातानं एक तरी मशीन सुरू झालेली मले दाखवा. त्या दिवशी तुमच्या घरी जेवतो." तेव्हापासून लेकीकडे येताना ते स्वतःचा डबा घेऊन येत. बाप डबा उघडून बसला की शोभाताई आत जाऊन पदराने डोळे पुसत.

म्हणून आज शोभाताईंनी पहाटेपासून वडाभात आणि आमरसाचा घाट घातला होता. मे महिना, भट्टीसारखं ऊन. कॉम्प्युटरला गारवा लागतो म्हणून तो कूलरसमोर ठेवला होता. कंपनीच्या माणसाने आदल्या दिवशीच जोडणी करून दिली होती. बोर्डावर प्लगच्या जागा दोनच, एक कूलरच्या पंख्याची आणि एक त्याच्या पाण्याच्या पंपाची. त्याने पंपाची वायर पंख्याच्या वायरला जोडून टाकली आणि रिकाम्या झालेल्या जागी कॉम्प्युटर लावला. हे सगळं त्याने रुपरावांना नीट समजावलं. रुपराव मान डोलवत होते, पण डोक्यात हाराचा विचार चालू होता.

पाहुणे जमले. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला. पन्नास माणसांचा घाम आणि कूलरची ओल यांनी खोलीत चिपचिप झाली, तेव्हा कोणताही नागपूरकर जे करतो तेच रुपरावांनी केलं. येणाऱ्याला नमस्कार करता करता, ओल कमी व्हावी म्हणून पंपाचं बटण बंद केलं.

शोभाताईंनी मशीनला हळदकुंकू लावलं. नारळ फुटला. रुपरावांनी देवाचं नाव घेऊन लाल खटका दाबला.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबला. पडदा आपला काळा तो काळाच.

"घाई नका करू गा," शेजारचे चंपतराव पुढे सरसावले. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि आजच्या दिवशी तेच तज्ज्ञ होते. "आधी करंट पाहू. कूलर चालू आहे ना? मंग बोर्डात करंट आहे. फॉल्ट मशीनमंदीच आहे."

एवढ्या पक्क्या तर्कापुढे कोण बोलणार? चंपतरावांनी घरून स्टॅबिलायझर आणला. काही नाही. फ्यूज काढला, फुंकला, परत लावला. त्या भानगडीत कूलर थांबला आणि सगळी खोली एकदम "अरे, अरे" करून उठली. मग त्यांनी मशीनवरचा हार काढून ठेवला, मशीनचा डबा उघडून आत टॉर्च मारला.

"वहिनी, कुंकू आत गेलं वाटते."

"एक बोट लावलं मी," शोभाताई कळवळून म्हणाल्या. "गाडीले लावतो, शिलाई मशीनले लावतो. हिलेच काहून बाधलं?"

कोणी म्हणालं, नारळाचं पाणी उडालं असेल. कोणी म्हणालं, मुहूर्त टळला. चंपतरावांनी डबा बंद केला तेव्हा एक स्क्रू हातात उरला, तो त्यांनी हळूच खिशात टाकला. रुपरावांनी चोरून सासऱ्यांकडे पाहिलं. नानाजी खुर्चीत बसल्या बसल्या पिशवीतला डबा चाचपडत होते.

पण पॉवर हाऊसचा माणूस किती वेळ गप्प बसेल? नानाजी उठले, बाह्या सारल्या.

"सरका सगळे. आमच्याकडं मीटरचा काटा अडकला का आम्ही काय करत होतो माहीत आहे? एक हाणत होतो."

"बाबा, नाजूक आहे ते," शोभाताई म्हणाल्या.

"मी हलकेच हाणतो वं."

रुपरावांनी आशा सोडली होती. निदान पाहुण्यांना गार वारा तरी मिळावा म्हणून त्यांनी मागे हात नेऊन पंपाचं बटण चालू केलं. नेमका त्याच क्षणी नानाजींचा धप्पा डब्यावर बसला.

"टूं!" कॉम्प्युटर बोलला. पडद्यावर हिरवी अक्षरं धावू लागली.

खोलीत जो टाळ्यांचा कडकडाट झाला! क्लासच्या मुलींनी नानाजींच्या पाया पडून घेतलं. चंपतरावांनी मशीनवरून काढलेला हार नानाजींच्याच गळ्यात घातला. रुपराव मात्र आपल्या हाताकडे पाहत होते. हात बटणावर होता, बटणाखाली प्लग होता आणि प्लगातून निघालेली वायर थेट कॉम्प्युटरमध्ये जात होती. काल कंपनीचा माणूस काय सांगत होता ते आज त्यांच्या डोक्यात शिरलं.

ते बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांना शोभाताई दिसल्या. त्या बटणाकडेच पाहत होत्या. त्यांनी नवऱ्याला डोळ्यांनी दटावलं आणि बापाला म्हणाल्या, "बाबा, पान वाढू?"

नानाजी क्षणभर घुटमळले. "सुरू तर मीच केली," ते म्हणाले, "पण मशीन जवाईबापूची आहे. वाढ."

नानाजी इतक्या दिवसांनी लेकीच्या घरी पाटावर बसले. शोभाताईंना आमरसाची वाटी नीट दिसेना, इतके डोळे भरून आले होते. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून चंपतरावांचा आवाज आला, "लयच चिपचिप होऊन राहिली गा," आणि पाठोपाठ खटका वाजला.

पडदा काळा झाला. पुन्हा गलका. नानाजी हातातला घास ताटात ठेवून उठू लागले.

"उठू नका बाबा," शोभाताईंनी त्यांना दाबून बसवलं. "तुम्ही इथून सांगा. हे करतील."

नानाजींनी दारातून जावयाकडे साशंक नजरेने पाहिलं. "डाव्या बाजूनं, जवाईबापू. लय जोरात नको. थाप मारल्यासारखं."

रुपरावांनी एक हात मागे नेला, दुसऱ्याने डाव्या बाजूला थाप मारली.

"टूं!"

"वा!" नानाजी आमरसाची वाटी उचलत म्हणाले. "जमलं बरं तुम्हाले. माझ्याकडून शिकले असते तर आधीच जमलं असतं."

लग्नानंतर सासऱ्यांनी दिलेली ती पहिली शाबासकी होती. रुपराव तिथेच, बटण झाकून, जेवण संपेपर्यंत पाठ टेकून उभे राहिले.